गाढवाच्या दगडाखाली सात हंडे?

प्रश्न : आमच्या सामाईक शेताच्या बांधावर जुना दगड आहे. वर चंद्र-सूर्य, मधे झिजलेली अक्षरं, खाली गाढव आणि बाई. एका ‘जाणकारा’च्या म्हणण्यानुसार त्याखाली सात हंडे आहेत. चुलत भावानं त्याला पैसे दिलेत. अमावास्येच्या रात्री पूजा करून खोदायचं ठरलंय. निम्मं धन जाणकाराचं. सातबाऱ्यावर माझंही नाव आहे. आमच्या जमिनीत सापडेल ते आमचंच ना? मी गप्प राहिलो तर अडकेन का?

उत्तर : वर्णनावरून ही गधेगाळ दिसते. शिलाहार-यादव काळात जमीन दान दिली की असे दगड उभारत. चंद्र-सूर्य असेतोवर दान चालावं, ही वरची खूण. खालचं चित्र म्हणजे दान मोडणाऱ्याला घातलेली शिवी. अलिबागजवळच्या आक्षीला अशीच गधेगाळ आहे. हा त्या काळचा जमिनीचा कागद. त्यात हंड्यांचा हिशेब नसतो. वीरगळांवरही, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांवरही, चंद्र-सूर्य असतात, आणि त्यांच्याही बुडाशी लोक खणतातच.

तरीही काही निघालंच तर? भारतीय निखात निधी अधिनियम, 1878 नुसार दहा रुपयांहून (हो, दहाच!) जास्त किमतीचं धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, ते कोषागारात जमा करावं लागतं किंवा तारण द्यावं लागतं. जाहीर सूचना निघते, दावे ऐकले जातात. शंभर वर्षांच्या आत आपण किंवा आपल्या पूर्वजांनी ते पुरलं, हे कुणी सिद्ध केलं नाही तरच ते बेवारस ठरतं. मग वेगळा करार नसेल तर तीन-चतुर्थांश शोधणाऱ्याचं, उरलेलं जमीनमालकाचं. धातूच्या किमतीवर एक-पंचमांश जादा देऊन सरकारही ते घेऊ शकतं. लपवलं तर हिस्सा सरकारजमा आणि वर एक वर्षापर्यंत कैद. लपवायला साथ देणाऱ्या मालकालाही सहा महिन्यांपर्यंत. नुसतं गप्प राहणं म्हणजे साथ नव्हे, पण वाटा घेतलात की बचाव अवघड.

मला खरी धास्ती त्या रात्रीची वाटते. साधी पूजा गुन्हा नाही. पण गुप्तधनासाठी अघोरी कृत्य किंवा नरबळीचा नुसता सल्लासुद्धा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात बसतो. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, गुन्हा अजामीनपात्र. जाणकारानं ‘पायाळू (पायांकडून जन्मलेलं) मूल आणा’ म्हटलं, तर अमावास्येची वाट पाहू नका; 112 ला फोन करा.

आजच भावाला लेखी कळवा की खोदायला तुमची संमती नाही. त्याची प्रत जोडून पोलीस ठाण्यात अर्ज द्या, पोच घ्या. भाऊ ऐकत नसेल तर दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम मागता येईल. भावाला पैशांचे पुरावे जपायला सांगा. फसवणुकीची तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली होते. दगड हलवू नका, शेंदूर फासू नका, विकायचा तर विचारही नको. तिरप्या उन्हात अक्षरांचे फोटो काढून राज्य पुरातत्त्व संचालनालयाला पाठवा. नुसतं कळवल्यानं जमीन जात नाही.