ऑस्ट्रेलियातल्या समाजशास्त्रज्ञांचं ताजं संशोधन आणि घडामोडी कुठे कळतील?

सुरुवात 'टासा'पासून करा, म्हणजे द ऑस्ट्रेलियन सोशिऑलॉजिकल असोसिएशन. १९६३ साली न्यूझीलंडसोबत सुरू झालेली ही संघटना १९८८ पासून एकट्या ऑस्ट्रेलियाची आहे. छापील संशोधनासाठी तिचं 'जर्नल ऑफ सोशिऑलॉजी' चाळा. आरोग्य हा विषय असेल तर 'हेल्थ सोशिऑलॉजी रिव्ह्यू'. पण खरं ताजं हवं असेल तर वार्षिक परिषदेतल्या निबंधांचे सारांश वाचा. लेख तपासून छापून येईपर्यंत वर्ष सहज निघून जातं, सारांशात मात्र लोक सध्या कशावर काम करताहेत ते आधीच दिसतं. २०२३ साली तर जागतिक समाजशास्त्र परिषदच मेलबर्नला भरली होती, तिचे सारांशही कामाचे आहेत. घडामोडींत फीचा विषय सुटू देऊ नका: २०२१ साली समाजशास्त्रासारख्या विषयांची विद्यार्थ्यांची फी वर्षाला १४,५०० ऑस्ट्रेलियन डॉलरवर गेली, आणि विभागांच्या भवितव्याची चर्चा तिथपर्यंत येतेच. एक अडचण आहे. नियतकालिकांतले बरेच लेख पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत. अशा वेळी लेखकाच्या विद्यापीठाच्या ऑनलाइन संग्रहात शोधा; स्वीकृत मसुदा तिथे अनेकदा फुकट असतो.