शबद पुढे, आपण मागे

बेटा,

वाहेगुरूजी का खालसा, वाहेगुरूजी की फतेह.

तुझं पत्र दोनदा वाचलं. गुरुपूरबच्या, गुरूंच्या उत्सवाच्या, कार्यक्रमात 'गगन मै थालु' या आरतीच्या शबदावर, म्हणजे ग्रंथसाहिबातल्या पदावर, कथक करायचं तू ठरवलंस, महिनाभर तालीम केलीस आणि आयत्या वेळी गुरुद्वाऱ्याच्या कमिटीने नाही म्हटलं. वर एक बुजुर्ग तुझ्या घुंगरांवरून बोलू नये ते बोलले. त्यांच्याशी माझं मी बघून घेईन. पण तुझा राग बाजूला ठेवला तर खाली जो प्रश्न उरतो, त्याचं उत्तर कमिटीच्याच बाजूने जातं. नकार देणाऱ्या एकानेही त्याचं कारण तुला धड सांगितलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

'नाचु रे मन गुर कै आगै' ही गुरू अमरदासजींची ओळ तू ठळक अक्षरांत लिहून पाठवलीस. तिथेच का थांबलीस? पुढची ओळ वाच: 'गुर कै भाणै नाचहि ता सुखु पावहि'. नाचायला मनाला सांगितलंय, आणि तेही गुरूच्या मर्जीने. त्याच गुरूंनी गउडी रागात स्वच्छ लिहून ठेवलंय, 'नचिऐ टपिऐ भगति न होइ'. नाचून, उड्या मारून भक्ती होत नाही. अर्धी ओळ घेऊन वडीलधाऱ्यांशी वाद घालायला जाऊ नये, बेटा. उरलेली अर्धी त्यांना पाठ असते.

आता आसा दी वार, गुरू नानकांची पहाटे गायची रचना. पहाटेच्या कीर्तनाच्या चौकीत आईच्या मांडीवर पेंगत तू ती ऐकलीस, त्यामुळे चाल तुझ्या कानात आहे, अर्थाकडे कधी बघितलं नसशील. गुरू नानकांच्या काळात गावोगाव रासधारी मंडळी फिरत. ते चित्र त्यांनी जसंच्या तसं उभं केलंय. चेले वाजवतात, गुरू नाचतात, पाय हलवतात, डोकी घुमवतात, धूळ उडून केसांत भरते. 'वेखै लोकु हसै घरि जाइ.' लोक बघतात, हसतात आणि घरी जातात. पुढे तर आणखी कडक: 'रोटीआ कारणि पूरहि ताल.' भाकरीसाठी ताल धरतात. मग गरगर फिरणाऱ्या वस्तूंची यादीच येते. तेलाचा घाणा, चरखा, जातं, कुंभाराचं चाक, वाळवंटातल्या वावटळी, भोवरे, ताक घुसळायच्या रव्या. फिरणाऱ्यांची गणती नाही, म्हणतात. आणि शेवटी, नाचणं-कुदणं ही मनाची हौस आहे.

म्हणून गुरूंना नाचाचा तिटकारा होता, असं मात्र समजू नकोस. या सगळ्याच्या अगदी आधीच्या सलोकात तेच म्हणतात की घटका या साऱ्या गोपी आहेत आणि प्रहर हे कान्हा. वारा, पाणी, अग्नी हे दागिने. अख्खं विश्व ज्यांना रास खेळताना दिसलं, त्यांना नाच कळत नव्हता असं कोण म्हणेल? आसा रागातल्या दुसऱ्या एका शबदात बुद्धीला वाद्य आणि प्रेमाला पखवाज करून ते सांगतात, 'इतु रंगि नाचहु रखि रखि पाउ'. या रंगात, पाऊल जपून टाकत नाचा. बाकीचा नाच म्हणजे मनाची मौज. मौज वाईट असंही ते म्हणत नाहीत. मौजेला भक्ती म्हणू नका, एवढंच म्हणतात.

माझ्यापुरतं मी हे सगळं एका वाक्यात बांधून ठेवलंय आणि तुला ते पुन्हा पुन्हा ऐकावं लागणार आहे: शबद पुढे, आपण मागे. दरबारात, ग्रंथसाहिबासमोर, लोकांची नजर आणि कान कुठे जातात ते बघ. शबदाकडे गेले तर ठीक. तबल्यावरच्या माझ्या बोटांकडे, तुझ्या चक्करांकडे, कीर्तन गाणाऱ्या रागीच्या तानेकडे गेले तर गडबड झाली. ती आपण कितीही मनापासून केलेली असो.

तू विचारशील, नजर माझ्याकडे आली तरी माझ्यातून शबदाकडेच जाईल ना? नाही जात. तुझ्याच आरतीचं घे. आकाश हे ताट, सूर्य-चंद्र हे दिवे, तारे म्हणजे मोती, मलयगिरीचा सुगंध हा धूप, आणि 'पवणु चवरो करे', वारा चवरी ढाळतोय. जगन्नाथपुरीला ताट-दिव्यांची आरती बघून गुरू नानकांनी हे गायलं, अशी आपली परंपरा. हातातलं ताट त्यांनी उचलून आभाळात नेऊन ठेवलं. आणि तू काय बसवलंस? पहिल्याच तुकेला, ओळीला, दोन्ही हातांत ताट धरल्याची मुद्रा. तू पाठवलेल्या व्हिडिओत मी बघितली. मुद्रा निर्दोष होती, मनगट सुरेख वळलं होतं. पण जे ताट गुरूंनी आभाळाएवढं केलं, ते तू पुन्हा वीतभर करून हातात आणलंस. यात तुझी चूक नाही. अभिनयाचं कामच ते, न दिसणारं दिसतं करायचं. म्हणूनच तो शबदाशेजारी उभा राहू शकत नाही.

गुरुद्वारे सांभाळणाऱ्या शिरोमणी कमिटीने १९४५ साली मंजूर केलेली रहत मर्यादा, शिखांची आचारसंहिता, वाच. कीर्तनाबद्दल थोडंच लिहिलंय, पण नेमकं. शबदात बाहेरची जोडओळ घालायची नाही. टेक, म्हणजे ध्रुवपद, धरायची ती त्याच शबदातल्या ओळीची. आपल्या पदरचा एक शब्द घालायला जिथे मनाई, तिथे तू हातांनी, डोळ्यांनी आणि भुवयांनी केवढं घालणार होतीस! शबद पुढे, आपण मागे.

तू म्हणशील, आपल्या नांदेडला तरी कुठे सगळं त्या मर्यादेप्रमाणे चालतं? खरंय. हजूर साहिबची रीत जुनी आहे. तिथे गुरू गोबिंदसिंघांच्या नावच्या दसम ग्रंथाचाही प्रकाश होतो, म्हणजे तोही उघडून मांडतात, चंदनाचा टिळा लागतो, आरतीला खरोखरचे दिवे लागतात. त्याबद्दल पंजाबातून येणारे लोक काय काय बोलतात, ते मी आयुष्यभर ऐकत आलोय आणि दर वेळी भांडत आलोय. पण ते दिवे ओवाळणारा सिंघ कोण, हे तू कधी बघितलंस का? त्याचा चेहरा आठवतो का? नाही ना आठवत? चवरी ढाळणाऱ्याचंही तेच. चवरीची सेवा मन लावून बघ एकदा. हात एका लयीत, न थांबता, न घाई करता फिरतो, मनगट सैल, नजर खाली. आपल्या दरबारात शरीराला जी लय दिलीय ती एवढीच आहे, आणि ती पुरेशी आहे.

आता नामदेव. हा तुझा सगळ्यात जड मुद्दा, कारण तो माझ्याही जिव्हाळ्याचा. नरसी आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात. तिथला नामदेव पंजाबात घुमानला जाऊन राहिला, ग्रंथसाहिबात त्याचे ६१ शबद आले, २०१५ साली त्या घुमानला मराठी साहित्य संमेलन भरलं. आपण मराठी बोलणारे शीख. आपल्याइतका नामदेव दोन्हीकडून दुसऱ्या कुणाला मिळाला? आणि तोच म्हणतो, 'नाचूं कीर्तनाचे रंगीं'. मग तू म्हणतेस, वारीत पाय उचलायला मोकळीक आणि गुरुद्वाऱ्यात बंदी, हा कुठला न्याय?

वारकऱ्यांची पावली मी जवळून पाहिलीय. फुगड्या पाहिल्यात, टाळ वाजवत मागे-पुढे सरकणाऱ्या रांगा पाहिल्यात. तिथे बघणारा कोणी उरत नाही. सगळेच नाचतात. पाटील नाचतो, त्याचा गडी नाचतो, म्हातारी नाचते. कोणी कुणासाठी नाचत नाही. तीही आपण मागे राहायचीच एक रीत आहे, त्यांची, आणि त्या रीतीपुढे मी डोकं टेकवतो. तुझं तसं नव्हतं. मंच होता, दिवे होते, खुर्च्या होत्या, आणि नाचणारी एकटी तू.

शिवाय ग्रंथसाहिबातला नामदेव आपल्याला काय सांगतो, तेही ऐक. कबीरजींच्या सलोकांमध्ये संत त्रिलोचनाशी त्याचा संवाद येतो. त्रिलोचन टोमणा मारतो, नाम्या, कापडं काय छापत बसलास, रामात चित्त लाव. नामदेव म्हणतो, 'हाथ पाउ करि कामु सभु चीतु निरंजन नालि.' हातापायांनी सगळं काम कर, चित्त निरंजनाजवळ ठेव. आपल्या वाट्याला आलेला नामदेव हा आहे. आपल्या हातापायांना लंगर आहे, जोडाघर आहे, परातीभर कणीक आहे. शीख कवी भाई गुरदासांनी तर सेवेवाचून असलेल्या हातापायांचा धिक्कारच केलाय. शरीराला आपल्याकडे बंदी आहे असं परत म्हणू नकोस, मला राग येतो. सकाळी जोडाघरात बसून लोकांच्या चपला पुसणारी माणसं शरीरानेच पुसतात.

गतका चालतो मग कथक का नाही, याचं थोडक्यात सांगतो. ती शस्त्रविद्या आहे. होळीच्या वेळच्या होल्याला आणि दसऱ्याला हल्ला, म्हणजे लढाईच्या थाटाची मिरवणूक, निघतो, नगारा वाजतो, घोडे पुढे असतात, सिंघ धावतात, पण हे सगळं दरबाराबाहेर. आणि गतकेवाले जेव्हा डोक्यावर ट्यूबलाइटी फोडून टाळ्या घेतात तेव्हा तेही माझ्या वाक्यात नापासच होतात. कुणालाच सूट नाही. नामधारी या शीख पंथात कीर्तनात मस्ती चढून लोक कूक, म्हणजे आरोळी, फोडतात, पगड्या सुटतात. त्यावरूनच त्यांना कूके म्हणतात. १८७२ साली मलेरकोटल्याला इंग्रजांनी त्यांना तोफांच्या तोंडी दिलं आणि ते हटले नाहीत. त्यांच्या मस्तीबद्दल वेडंवाकडं बोलायची माझी प्राज्ञा नाही. पण ती मस्ती तालीम करून बसवता येत नाही. तू बसवलेली होतीस.

सगळ्यात जास्त मी बोलतो ते आमच्याच लोकांना. हल्ली रागी जत्थे हार्मोनियमवर अशी काही पळापळ करतात की तुक कुठे गेली ते सापडत नाही. तबल्यावाला शान, गाण्याआधीचं नुसतं वादन, वाजवताना टाळ्या मिळतात म्हणून ती लांबवतो. मोबाइल वर होतात. 'वेखै लोकु हसै घरि जाइ' हे आम्हालाही लागू आहे, आधी आम्हालाच. एका गावात सिनेमाच्या चालीवर शबद बसवून साथ करायला सांगितलं, मी तबला गवसणीत घातला आणि उठलो. तिथलं काम गेलं. घरी ओढाताण झाली, तुझ्या काकूने ती सोसली. लोक म्हणाले, हेकट आहे, सनातनी आहे. म्हणू देत. गुरूंनी स्वतः आसा दी वार 'टुंडे अस राजै की धुनी'वर, लोकांत चालणाऱ्या वीरगीताच्या चालीवर गायला सांगितली, हे मला ठाऊक नव्हतं थोडंच? पण ती चाल त्यांनी वाणीच्या कामाला लावली होती. इथे वाणी चालीच्या कामाला लावली जात होती. हा फरक ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी मी काय बोलू? आजही तेच करीन.

हळहळ आहे ती वेगळीच. तरुणपणी मी एका कथकच्या क्लासात साथीला बसायचो. नाचणाऱ्या पायांना साथ करण्यात जो आनंद आहे तो मला दुसरीकडे मिळाला नाही. नाचणारी तिहाईकडे, तीनदा येऊन समेवर पडणाऱ्या बोलांकडे, निघाली की आपण आधीच तिथे पोचून वाट बघायची. मग माणसं म्हणायला लागली, कीर्तनाला बसणाऱ्याने तिकडे जाऊ नये. दरबार आणि नाचाचा मंच या दोन जागा आहेत, दोन्हीकडे जाता येतं, हे त्यांना पटवायला लागणारी माणसं तेव्हा माझ्या बाजूला नव्हती. तो आनंद सुटला आणि परत हाती लागला नाही. तुझ्या बाबतीत ते होऊ द्यायचं नाही, म्हणून एवढं लिहितोय.

तेव्हा कथक सोडायचं नाही. घुंगरं कपाटात टाकलीस तर मी पुण्याला येऊन ती बाहेर काढीन. लग्नात गिद्धा कर, बैसाखीच्या मेळ्यात भांगडा कर, मंचावर ठुमरी कर, तराणा कर, नुसता त्रिताल तासभर नाच. शबदावर नाही. तुझ्या पायांत दोष आहे म्हणून नव्हे. शबद पुढे, आपण मागे, म्हणून.

आणि शबदाच्या जवळ यायची तुझी ओढ खरी असेल, ती मला खरीच वाटते, तर तुझी लय वाया जाणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत नांदेडला ये. गुरू रामदासजींच्या पड़ताल आहेत, एकाच शबदात ताल बदलत जातो. त्या भल्याभल्यांना सांभाळता येत नाहीत. तुझ्यासारख्या तत्कार, पायांचा ताल, पक्का असलेल्या मुलीला चार दिवसांत उमगतील. माझ्याकडे जुनी जोडी, तबल्यासारखं वाद्य, आहे, डाव्याला कणीक लावून वाजवायची. कणीक किती ओली लागते इथून शिकवतो. रागी तुक म्हणायला लागला की हात कुठे हलका करायचा, ते मात्र शिकवायला वेळ लागतो. सगळ्यांना तिथेच वाजवायचं असतं.

येताना वहीत आसा दी वार लिहून आण, स्वतःच्या हाताने, गुरुमुखीत. मोबाइलवरून वाचलेली मी धरणार नाही. कमिटीला तू काही लिहू नकोस. त्या बुजुर्गांकडे मी रविवारी जातोय, लंगरनंतर, आणि तुझ्याबद्दल जे बोलले ते त्यांना परत घ्यायला लावल्याशिवाय उठणार नाही.

आईला फतेह सांग.

तुझा,
काका