सप्लायरची पीडीएफ बिलं कोडिंग न करता आपोआप डेटाबेसमध्ये कशी टाकायची?

हो, जमतं, कोडची एक ओळ न लिहिता जमतं. तुम्ही विचारलंय की सप्लायरची बिलं मेलवर पीडीएफमध्ये येतात, ऑफिसातलं कोणीतरी बसून ती एकेक उघडून टाइप करतं, तर हे आपोआप डेटाबेसमध्ये जाईल का आणि कुठलं टूल घ्यावं. मी भोसरीतल्या एका छोट्या युनिटमध्ये परचेस आणि अकाउंट्स दोन्ही बघतो, प्रोग्रॅमिंगचा गंध नाही, आणि आमच्याकडे हे चालू आहे म्हणून लिहितोय. टूल कुठलं हा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा आहे, पण सगळे तिथेच घोळ घालत बसतात.

आधी एक काम करा. आलेल्या बिलांपैकी पाच-सहा उघडा आणि माउसने त्यातला मजकूर सिलेक्ट होतो का बघा. होत असेल तर ते टॅली किंवा तसल्या सॉफ्टवेअरमधून थेट निघालेलं पीडीएफ आहे, त्यातलं वाचणं अगदी सोपं. होत नसेल तर तो कागदाचा फोटो आहे, पीडीएफच्या कपड्यात आलेला, तिथे ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, लागतं आणि चुका तिथून सुरू होतात. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवणारे सप्लायर असतील तर त्यांना सांगा की बाबा, डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर व्हॉट्सअॅप फोटो दाबून बारीक करतं आणि बारीक अक्षर वाचता येत नाही. एवढं एक फोनवर सांगितलं तरी निम्मा त्रास वाचतो.

आता साखळी. जीमेलमध्ये बिलांसाठी एक लेबल करा आणि फिल्टर लावा म्हणजे सप्लायरचे मेल आपोआप त्यात पडतील. त्या लेबलवर मेल आला की अटॅचमेंट पार्सरकडे जाते, पार्सर म्हणजे बिलातून नंबर, तारीख, रक्कम वेचून काढणारं टूल, डॉकपार्सर, पार्सर (Parseur), नॅनोनेट्स असे बरेच आहेत (त्यातल्या एकाचं नावच पार्सर आहे, काय करणार), आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ वापरत असाल तर त्यांच्याच पॉवर ऑटोमेट या ऑटोमेशन टूलच्या जोडीला बिलं वाचणारं एआय बिल्डर घेता येतं. पार्सरकडून निघालेला डेटा टेबलमध्ये नेऊन टाकायचं काम मधलं टूल करतं, झॅपियर, मेक किंवा एनएटएन (n8n). मेक म्हणजेच आधीचं इंटिग्रोमॅट, यूट्यूबवर जुने व्हिडिओ त्या नावाने सापडतील. शेवटी डेटाबेस, एअरटेबल किंवा बेसरो, हे एक्सेलसारखे दिसणारे ऑनलाइन डेटाबेस, आणि ऑफिसात आधीच पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलसारखा डेटाबेस असेल तर त्यालाही ही टूल्स जोडता येतात, फक्त युजरनेम-पासवर्ड आणि ते अॅक्सेस चालू करून द्यायला आयटीवाल्याला एकदा पकडावं लागतं.

एक बारीक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. मेलच्या खाली सहीत कंपनीचा लोगो असतो ना, तो सुद्धा बऱ्याचदा अटॅचमेंट म्हणून पकडला जातो, मग पार्सरकडे बिल एक आणि लोगो तीन जातात आणि पैसे पानागणिक किंवा डॉक्युमेंटागणिक लागतात. म्हणून पहिल्याच पायरीवर फिल्टर टाका की फाइलच्या नावाचा शेवट पीडीएफ असेल तरच पुढे जा.

बिलात एकापेक्षा जास्त आयटम असतात, त्याचं काय करायचं हे आधी ठरवा. सगळे आयटम एका सेलमध्ये कोंबू नका. दोन टेबल करा, एक बिलांचं आणि एक आयटमचं, आणि आयटमच्या प्रत्येक ओळीत ती कुठल्या बिलाची हे लिंक करा. मेकमध्ये आयटरेटर नावाचं मॉड्यूल आहे, ते यादी फोडून एकेक ओळ पुढे देतं, त्याच्यापुढे 'रेकॉर्ड बनव' लावलं की झालं. ज्यांना फक्त बिलाची एकूण रक्कम आणि टॅक्स हवाय त्यांनी मात्र आयटमच्या भानगडीत पडूच नये.

आता मुद्द्याचं. पार्सरने वाचलेलं थेट मुख्य टेबलमध्ये लिहू देऊ नका. मध्ये एक 'तपासायचं' टेबल ठेवा, सगळं आधी तिथे येऊ द्या आणि काही चाळण्या लावा, त्यातून पास झालं तरच पुढे, नाहीतर माणसाने बघायचं. चाळण्या जीएसटीच्या नियमांमुळे आयत्या मिळतात. जीएसटीआयएन, म्हणजे सप्लायरचा जीएसटी नंबर, बरोबर १५ अक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र २७, गोवा ३०, पुढची १० म्हणजे पॅन, आणि चौदावं अक्षर साधारणपणे झेड. ओसीआर हा झेड हमखास २ वाचतं, ओ चा शून्य करतं, एस चा ५ करतं, आणि मग तो सप्लायर तुमच्या यादीत सापडतच नाही. तर लांबी १५ आहे का आणि हा नंबर आपल्या सप्लायर मास्टरमध्ये, म्हणजे सप्लायरच्या यादीत, आहे का, हे दोन प्रश्न विचारले तरी बहुतेक घाण तिथेच अडकते. दुसरी चाळणी रकमेची, करपात्र रक्कम अधिक टॅक्स बरोबर एकूण, राउंड ऑफसाठी एक रुपया इकडेतिकडे चालेल. तिसरी, आपण महाराष्ट्रात आहोत आणि सप्लायरचा नंबर २७ ने सुरू होतोय, तर शक्यतो सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या राज्यात लागणारा टॅक्स) दिसायला हवं, आयजीएसटी (दोन राज्यांमधला) दिसला की थांबव.

तारखेचा ताप वेगळाच. ०३/०४ म्हणजे आपल्याला तीन एप्रिल, पण टूल बऱ्याचदा अमेरिकन पद्धतीने चार मार्च समजतं आणि आख्खं बिल मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसतं, कुठेही एरर येत नाही. म्हणून तारीख घेताना दिवस आधी, महिना नंतर असं फॉरमॅट सांगूनच टाका. तसंच गुगल शीट वापरत असाल तर बिल नंबरचा कॉलम आधी प्लेन टेक्स्ट करा, कारण ००४५ चं ४५ होतं आणि ४-२५ सारखा नंबर असेल तर त्याची शीट चक्क तारीख करून टाकते.

डुप्लिकेट हे तर होणारच. आमचा एक सप्लायर पेमेंट मागताना तेच बिल प्रत्येक रिमाइंडरला पुन्हा जोडतो, एकच बिल चार-चार वेळा येतं. उपाय असा की जीएसटीआयएन, बिल नंबर आणि आर्थिक वर्ष तिन्ही जोडून एक की (key, म्हणजे त्या बिलाची ओळखखूण) बनवा, आणि लिहिण्याआधी ती की टेबलमध्ये शोधा, सापडली तर थांबा. वर्ष घ्यायचंच, कारण बऱ्याच जणांचे नंबर १ एप्रिलला परत एकपासून सुरू होतात.

पैशांचं म्हणाल तर झॅपियरच्या फुकट प्लॅनमध्ये महिन्याला १०० टास्क आणि दोनच पायऱ्या, त्यात वरचं काहीच बसत नाही, ट्रायलपुरतं ठीक. मेक आमच्यासारख्यांना परवडतं, पण आयटरेटरमुळे २० आयटमचं बिल २० वेळा मोजलं जातं हे लक्षात ठेवून हिशोब करा. एनएटएन स्वतःच्या मशिनवर टाकलं तर लायसन्सचा खर्च नाही आणि मधली साखळी आपल्याच ऑफिसात राहते, फक्त ते बंद पडलं की उठवायचं कोणी हे आधी ठरवा. माझं मत विचाराल तर महिन्याला शंभरच्या आत बिलं असतील तर हा सगळा उपद्व्याप करूच नका, टाइप केलेलं स्वस्त पडतं.

आणि हो, आयटम नको, फक्त बिल नंबर, तारीख, रक्कम आणि टॅक्स हवा असेल तर जीएसटी पोर्टलवर जीएसटीआर-टूबी, म्हणजे सप्लायरांनी आपापल्या रिटर्नमध्ये दाखवलेल्या तुमच्या बिलांची यादी, दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांसाठी १४ तारखेला तयार होतं, एक्सेलमध्ये डाउनलोड होतं, ओसीआरची गरजच नाही. आम्ही दोन्ही करतो, पार्सरचं टेबल आणि टूबी त्याच कीने जोडून बघतो, ज्या सप्लायरने रिटर्नमध्ये बिल दाखवलंच नाही तो लगेच उघडा पडतो आणि त्याला फोन जातो.

हाताने लिहिलेली बिलं, टेम्पोवाल्याची पावती, हार्डवेअरच्या दुकानातली कच्ची चिठ्ठी, ही पार्सरला देऊ नका. ती टाइपच करा, एअरटेबलचा फॉर्म बनवून मोबाइलवर दिला की स्टोअरवाला तिथल्या तिथे फोटोसकट भरतो. सुरुवात ज्याची सगळ्यात जास्त बिलं येतात त्या एका सप्लायरपासून करा, दोन महिने त्याचं टायपिंगही चालू ठेवा आणि दोन्ही ताडून बघा. बिलाचा फॉरमॅट कसा आहे ते नाव-नंबर झाकून कमेंटमध्ये टाकलंत तर कुठला पार्सर बरा ते सांगता येईल.