नागरिक आहेत, पण मतपत्रिका नाही

प्रश्न : अमेरिकेच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटाचे, प्वेर्तो रिकोचे, लोक अमेरिकेचे नागरिक आहेत. मग अध्यक्षाच्या निवडणुकीत त्यांना मत का नाही?

उत्तर : अमेरिकेचा अध्यक्ष नागरिक थेट निवडत नाहीत. त्याला निवडतात ५३८ इलेक्टर, म्हणजे त्या कामासाठी नेमलेले प्रतिनिधी, आणि राज्यघटनेचे दुसरे कलम इलेक्टर नेमण्याचा अधिकार फक्त राज्यांना देते. प्वेर्तो रिको राज्य नाही. १९१७ साली तिथल्या लोकांना नागरिकत्व मिळाले, इलेक्टर मिळाले नाहीत. राजधानी वॉशिंग्टनचीही हीच गत होती. तिला ३ इलेक्टर मिळाले ते १९६१ च्या तेविसाव्या घटनादुरुस्तीमुळे. प्वेर्तो रिको किंवा अमेरिकेच्या ताब्यातल्या ग्वामसारख्या इतर बेटांसाठी अशी दुरुस्ती झालेली नाही.

पक्षाचा उमेदवार ठरवण्याच्या फेरीत मात्र ही बेटे भाग घेतात, कारण ती फेरी पक्षाच्या नियमांवर चालते. ग्वाममध्ये तर अध्यक्षपदाचे मतदानही घेतात. मते मोजली जातात, निकाल जाहीर होतो, पण तो कुठेच धरला जात नाही. प्रतिनिधिगृहात, म्हणजे अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, प्वेर्तो रिको, ग्वाम, व्हर्जिन बेटे, अमेरिकन सामोआ आणि उत्तर मारियाना यांचा प्रत्येकी एक प्रतिनिधी बसतो. त्याला समितीत मत आहे, विधेयकावरच्या अंतिम मतदानात नाही. सिनेटमध्ये तर कोणीच नाही.

प्रश्न : फ्लोरिडाचा मतदार प्वेर्तो रिकोत कायमचा राहायला गेला तर?

उत्तर : अध्यक्षपदाचे मत जाते. इथेच बहुतेक जण फसतात. तोच मतदार पॅरिसला गेला असता, तर १९८६ च्या कायद्याने त्याला फ्लोरिडाचे टपाली मत कायम राहिले असते. हा कायदा ‘अमेरिकेबाहेर’ गेलेल्यांसाठी आहे आणि त्याच्या व्याख्येत प्वेर्तो रिको, ग्वाम, व्हर्जिन बेटे व अमेरिकन सामोआ अमेरिकेतच मोडतात. उत्तर मारियाना त्या यादीत नाही. त्यामुळे तिथे गेलेल्याचे मत शाबूत! अशी विसंगती मुद्दाम रचायची म्हटली तरी अवघड.

मुक्काम तात्पुरता असेल, उदाहरणार्थ शिक्षणापुरता, तर मूळ राज्यातला अधिवास टिकतो आणि त्या राज्याच्या नियमांप्रमाणे टपाली मत मागता येते. मात्र बेटावर मतदार म्हणून नाव नोंदवले, की अधिवास हलवल्याचा तो पुरावा ठरू शकतो. उलट दिशेने काम सोपे आहे : प्वेर्तो रिकोतून फ्लोरिडात स्थायिक व्हा, निवडणुकीच्या २९ दिवस आधी नाव नोंदवा, मत मिळाले. अमेरिकन सामोआच्या माणसाला आणखी एक पायरी आहे. तिथे जन्मलेले लोक अमेरिकेचे ‘नॅशनल’ असतात, जन्माने नागरिक नव्हे. राज्यात राहायला आल्यावर त्यांना आधी नागरिकत्वासाठी अर्ज करावा लागतो.

प्रश्न : फ्रान्स आणि ब्रिटनमध्येही असेच आहे का?

उत्तर : फ्रान्समध्ये नाही. मार्टिनिक, ग्वादलूप, रेयुनियन व फ्रेंच गयाना १९४६ पासून फ्रान्सचे जिल्हेच आहेत, पण ज्या समुद्रापारच्या फ्रेंच प्रदेशांचा दर्जा वेगळा तेही अध्यक्षासाठी मत देतात. काही हजार वस्तीच्या सँ-पिएर-ए-मिकलाँचाही संसदेत एक प्रतिनिधी आहे. अमेरिका खंडातल्या आणि फ्रेंच पॉलिनेशियातल्या बेटांवर मतदान एक दिवस आधी, शनिवारी होते. नाहीतर घड्याळाच्या फरकामुळे पॅरिसचा निकाल कळल्यावर त्यांना मत द्यावे लागले असते.

ब्रिटनच्या समुद्रापारच्या १४ प्रदेशांपैकी एकालाही लंडनच्या संसदेत जागा नाही. त्यांपैकी जिब्राल्टरने २०१६ च्या ब्रेक्झिटच्या सार्वमतात मत दिले, ते त्या सार्वमतासाठी केलेल्या खास कायद्यामुळे. सार्वत्रिक निवडणुकीत जिब्राल्टरचा मतदारसंघच नाही.