माइक हातात धरून हलवला की धडधड का येते आणि चांगल्या माइकमध्ये ती कमी कशी करतात?

डायनॅमिक माइकमध्ये पातळ पडद्याला तारेची गुंडाळी चिकटवलेली असते आणि ती चुंबकाच्या फटीत हलते. आवाजाने पडदा हलतो तेव्हा वीज तयार होते. पण दांडा हलवला तर चुंबक सरकतो, पडदा जडत्वामुळे मागे राहतो आणि तरीही वीज तयार होतेच. माइकला दोन्ही सारखंच!

पहिला उपाय म्हणजे कॅप्सूल (पडदा, गुंडाळी आणि चुंबक यांचा संच) रबरावर तरंगती ठेवणं. मात्र रबर वरच्या कंपनसंख्या अडवतं, खालची धपधप बरीचशी आत येतेच. शुअर कंपनीच्या एसएम५८ या गायनाच्या माइकमध्ये (१९६६) अभियंते अर्न्स्ट सीलर यांनी यावर झकास तोड काढली. धक्का बसला की कॅप्सूलमागच्या बंद पोकळीतली हवा दाबली जाते आणि तो दाब पडद्यालाही चुंबकासोबत ढकलतो. दोघं एकत्र हलले की वीज जवळजवळ शून्य. माझ्या मते हा त्या माइकचा सगळ्यात कमी कौतुक झालेला भाग.

कंडेन्सर या दुसऱ्या प्रकारच्या माइकचा पडदा फार हलका, त्यामुळे त्याला हा त्रास मुळातच कमी. उरलेली घरघर लो-कट फिल्टरने (खालच्या कंपनसंख्या कापणाऱ्या सोयीने) कापा, साधारण ८० हर्ट्झपासून खाली. आणि माइकच्या जाळीला मूठ मारून धरू नका, त्याने फीडबॅक (स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरून होणारी शिट्टी) वाढतो.