“मॅडम, पाचवा लागला, जहाजावर चालते का?”

आधी गरोदर बायकांचे प्रवासाचे प्रश्न म्हणजे “माहेरी बसनं जाऊ का” नाहीतर “गाडीवर मागं बसलं त चालते का” एवढेच असायचे. आता विमान आलं, आता क्रूझ पण आली. आमच्या खेड्यात क्रूझ कुठून आली म्हणाल तर कृषी केंद्रातून आली. बियाणं, खतं, फवारणीची औषधं विकणाऱ्या कंपन्या दुकानदारांना टार्गेट देतात, टार्गेट झालं की टूर, आणि टूर बहुतेक वेळा जोडप्यानं असते. हंगाम आटोपत आला की डिसेंबर-जानेवारीत या टूरा निघतात आणि नेमके तेव्हाच कोणाच्या तरी घरी दिवस गेलेले असतात.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक आहे. दर महिन्याच्या 9 तारखेला आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते कारण प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, 2016 पासून चालू आहे हे, आणि अशाच एका 9 डिसेंबरला वैशाली (नाव आणि बाकी खुणा बदलल्या आहेत) नवरा आणि सासू दोघांनाही घेऊन आली. म्हणजे खरं तर ते दोघं तिला घेऊन आले होते. पहिलंच बाळ. नवऱ्याचं कृषी केंद्र, मुंबई-गोवा क्रूझची टूर लागलेली, 22 ते 24 जानेवारी, दोन रात्री.

सासूबाई बसायच्या आधीच सुरू झाल्या. “मॅडम, तुमीच सांगा याले. पोटुशा बाईनं वाहतं पानी वलांडू नाही म्हन्तेत आन् हा समुद्रात घिऊन चालला. थ्या जहाजात हलते म्हन्ते, लेकराले काही झालं मंग?” नवरा, मी त्यांना भाऊच म्हणते, म्हणाले, “एजंटनं सांगतलं चालते म्हनून, मोबाईलमधी पन पाह्यलं मी, सहा महिन्यापर्यंत चालते.” वैशाली तपासणीच्या कार्डाचा कोपरा दुमडत बसली होती, एक शब्द नाही.

माझी सवय अशी की घरचे दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत भांडायला लागले की मी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवते आणि जिच्या पोटात बाळ आहे तिच्याशी एकटीशी बोलते, दहा मिनिटं पुरतात. दार लोटल्यावर विचारलं, तुला काय वाटते? ती म्हणाली, “मले जायाचं हाय मॅडम. समुद्र नाही पाह्यला कधी. एकडाव लेकरू झालं का मंग कुठी जानं होते. पन मले पन भेव वाटते, आन् भेव वाटते म्हनलं का हे म्हन्तीन मंग राहू दे.” म्हणजे घाबरते म्हणून सांगायचीही सोय नव्हती तिची, जायचं तिकीट कटेल म्हणून. अशा वेळी मी आधी भीतीचे तुकडे वेगळे करते, कारण “चालते का” या एका प्रश्नात तीन प्रश्न असतात आणि लोक तिन्हीचं एकच उत्तर मागतात.

पहिलं, जहाज हलल्यानं बाळाला काही होतं का. नाही होत. बाळ गर्भजलाच्या पिशवीत असतं, बोट डोलल्यानं किंवा खड्ड्यातून गाडी गेल्यानं चांगला चाललेला गर्भ पडत नाही. त्रास होतो तो आईला, मळमळ आणि उलट्या, आणि उलट्या जास्त झाल्या की अंगातलं पाणी कमी होतं, ते मात्र गरोदर बाईला चांगलं नाही. जानेवारीत पश्चिम किनाऱ्याला समुद्र बराच शांत असतो, पावसाळ्यासारखा खवळलेला नसतो. खोली मिळाली तर जहाजाच्या मधल्या भागात खालच्या मजल्यावरची घ्यायची, तिथं सगळ्यात कमी हलतं. उलटीची गोळी डॉक्टरांकडून लिहून घ्यायची, डॉक्सिलामाईन आणि बी6 असलेली गोळी गरोदरपणात कित्येक वर्षांपासून देतात, पण मेडिकलवाल्याला “बोट लागते, काहीतरी दे” म्हणून जे मिळेल ते घ्यायचं नाही.

दुसरा प्रश्न नियमाचा, आणि इथं सगळे गोंधळतात. बहुतेक मोठ्या क्रूझ कंपन्या 24 आठवड्यांच्या आसपास रेघ ओढतात. कारण सोपं आहे, जहाजावर डॉक्टर असतो, छोटा दवाखाना असतो, पण सिझेरियनची सोय आणि कमी दिवसांच्या बाळाला ठेवायची काचपेटी सहसा नसते, आणि मधल्या समुद्रातून 108 ला फोन करून काही उपयोग नाही. पण ही रेघ बोर्डिंगच्या दिवशी नाही मोजत, उतरायच्या दिवशी मोजतात. आणि आपल्याकडे मोजणी महिन्यांत, त्यातही “लागला” आणि “भरला” वेगवेगळं. पाचवा लागला म्हणजे चारच भरलेले असतात. आठवड्यांचंही तसंच, कोणती कंपनी म्हणते 24 आठवडे पूर्ण नकोत, कोणती म्हणते 24वा आठवडा लागलेलाच नको म्हणजे 23 भरले की बंद. मोबाईलवर “सहा महिने” वाचून निघणारा माणूस बंदरावरून परत यायचा तो इथं.

पाळीची तारीख विचारली तर कार्डावर एक, सासूबाई दुसरीच सांगत होत्या. वैशालीला तारीख नव्हती आठवत पण म्हणाली, “राखीले माहेरी गेली होती, वापस आली त्याच्या दुसऱ्या दिवशी आली होती पाळी, राखीच्या तीन दिवसानं.” आमच्या बायांच्या तारखा अशाच मिळतात, पोळा, राखी, महालक्ष्म्या, आणि त्या पक्क्या असतात. भिंतीवरचं कॅलेंडर मागं उलटवलं, 12 ऑगस्ट. सुरुवातीच्या सोनोग्राफीशी पण जुळलं. म्हणजे त्या दिवशी बरोबर 17 आठवडे, बाळंतपणाची तारीख 19 मे, आणि टूर संपायच्या दिवशी 24 जानेवारीला 23 आठवडे 4 दिवस. अडकलं ना नेमकं. 24 भरले नाहीत, पण 24वा लागलेला.

भाऊंना आत बोलावून हे कागदावर मांडून दाखवलं आणि म्हटलं, एजंटचं तोंडी “चालते” काही कामाचं नाही, नियम लेखी मागवा. त्यांनी तिथंच फोन लावला, तिकडून “अरे चालते भाऊ, डॉक्टरचं लेटर आना फक्त.” लेखी द्या म्हटल्यावर मात्र दोन दिवस लागले आणि आलं काय तर 24वा आठवडा सुरू झालेला नसावा. मग भाऊंनी हळूच विचारलं, जे विचारणार हे मला माहीत होतंच, “मॅडम, पोट त दिसत नाही अजून, सांगतलंच नाही त? नाहीतर लेटरवर तारीख थोडी मांगं-पुढं...” हे मी साफ नाही म्हटलं. डॉक्टर खोटी तारीख लिहिणार नाहीत ते सोडा, पण लपवून गेलं आणि वर काही झालं तर इन्शुरन्सवाला पहिला प्रश्न तोच विचारतो आणि हात वर करतो, आणि जहाजावरच्या डॉक्टरलाही बाई गरोदर आहे हे माहीत नसलं तर तो कसला इलाज करणार. मग मार्ग त्यांचा त्यांनाच सुचला. कंपनीचे दुकानदार खूप, त्यामुळे टूरच्या दोन बॅचेस होत्या, पहिली 8 ते 10 जानेवारी. त्यात 21 आठवडे 4 दिवस होत होते, कुठल्याही हिशोबानं आत. एका ओळखीच्या दुकानदाराशी अदलाबदल केली.

हे झालं नियमाचं. पण मला त्या दिवशी जहाजापेक्षा कार्डाची जास्त काळजी वाटत होती. तिसरा प्रश्न म्हणजे ही बाई, हिची तब्येत, दवाखान्यापासून दोन दिवस लांब राहू शकते का. कार्डावर हिमोग्लोबिन 8.8. सरकारी हिशोबात 7 ते 9.9 म्हणजे मध्यम रक्तक्षय. आणि खाली सिकलसेलच्या, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराच्या रकान्यात सोल्युबिलिटी ही पहिली चाचणी पॉझिटिव्ह, पुढच्या तपासणीत एएस पॅटर्न, आणि नवऱ्याची तपासणी? कोरी जागा. घरात महिनाभर जहाजावरून वाद चालू होता आणि या रकान्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं.

विदर्भात सिकलसेल किती घरांत आहे ते इथल्या माणसाला सांगायला नको. देशभराचं मिशन जुलै 2023 मध्ये सुरू झालं पण आपल्याकडं “एएस” “एसएस” हे शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून गावच्या बायांच्या तोंडी आहेत. एएस म्हणजे वाहक, तिला स्वतःला सहसा त्रास नसतो, एवढ्यासाठी प्रवास अडत नाही, पाणी भरपूर प्यायचं एवढं पाळायचं. एसएस म्हणजे प्रत्यक्ष आजार, ती एसएस असती तर गोष्टच वेगळी होती, अंगातलं पाणी कमी झालं, थंडी लागली, दमणूक झाली की दुखणं उठतं, तिला मी जहाजाचं नावही काढू दिलं नसतं, निदान तिच्या डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय. पण मुद्दा नवऱ्याचा. तो पण एएस निघाला तर प्रत्येक बाळंतपणात बाळ एसएस असायची शक्यता चारात एक असते, आणि हे उशिरा कळलं तर पुढच्या तपासण्यांना आणि निर्णयाला वेळच उरत नाही. भाऊ म्हणाले, “मले काय होते, मी त ठणठणीत हाय.” ठणठणीतच असतात वाहक, म्हणूनच रक्त तपासायचं. सासूबाई, ज्या जहाजाच्या एवढ्या विरोधात होत्या, त्याच उठल्या आणि लेकाला म्हणाल्या, “चाल, दे रक्त, कायले टाईमपास करतं.” रिपोर्ट आला तो एए, वाहकसुद्धा नाही. म्हणजे बाळ एसएस होणार नाही, फार तर आईसारखं वाहक.

राहिलं हिमोग्लोबिन. लोहाच्या लाल गोळ्या मिळत होत्या, खात नव्हती, मळमळते आणि संडास काळी होते म्हणून. ज्या दिवशी खायची त्या दिवशी सकाळच्या चहासोबत. चहासोबत लोखंड अंगी लागत नाही हे मी दिवसातून कितीदा सांगते मलाच माहीत नाही. काळी संडास म्हणजे गोळी पोटात गेल्याची खूण, घाबरायचं नाही. डॉक्टरांनी दिवसाला दोन गोळ्या केल्या, मी म्हटलं एक दुपारी जेवणानंतर तासाभरानं, एक रात्री झोपताना, कॅल्शियमची गोळी दोन-तीन तास लांब ठेव, आणि संत्र्याचा आंबिया बहार चालू आहे तर गोळीबरोबर संत्रं खा, स्वस्त आहे आणि घरचं आहे. चहा सोड असं नाही म्हटलं, कोणी सोडत नाही आमच्याकडं, फक्त गोळीपासून लांब.

डिसेंबरच्या शेवटी 20व्या आठवड्यात व्यंग तपासायची सोनोग्राफी झाली, सगळं ठीक, वार (प्लासेंटा) वरच्या बाजूला. वार खाली असती, मधे रक्त गेलं असतं, पिशवीच्या तोंडाला टाका असता, जुळं असतं, आधीचं बाळंतपण लवकर झालेलं असतं किंवा बीपी वाढलेलं असतं तर आठवडे कितीही कमी असोत, डॉक्टरांनी लेटर दिलं नसतं. निघायच्या दोन दिवस आधी हिमोग्लोबिन 9.7. फार नाही, पण चढतंय. डॉक्टरांनी तपासून प्रवासाला हरकत नाही असं लेटर दिलं, त्यावर बाळंतपणाची तारीख आणि त्या दिवशीचे आठवडे लिहून.

मी तिला ज्या गोष्टी सांगितल्या त्यातली अर्धी जहाजाची नव्हतीच. वर्ध्यावरून विदर्भ एक्सप्रेसनं रातभराचा प्रवास, खालचा बर्थ घे, आणि लघवी रोखून धरू नको. आमच्या बाया गाडीतलं संडास घाण असतं म्हणून पाणीच पीत नाहीत, मग लघवीत जंतुसंसर्ग, मग ताप, आणि त्यातून कळा पण येऊ शकतात. गरोदरपणात पायाच्या शिरेत रक्ताची गाठ व्हायचा धोका तसाही जास्त, म्हणून तासा-दोन तासानं उठून डब्यात चार पावलं टाकायची. जहाजावर बुफे असतो, गरम वाफाळतं तेच खायचं, कापून ठेवलेली फळं, कच्ची कोशिंबीर, अर्धवट शिजलेलं अंडं-मासळी नको. जहाजावर जुलाब-उलटीची साथ पटकन पसरते, नोरोव्हायरस म्हणतात त्याला, त्याला नुसतं सॅनिटायझर पुरत नाही, साबण-पाण्यानं हात धुवायचे. गरम पाण्याच्या टबात बसायचं नाही, अंग जास्त तापणं बाळाला चांगलं नाही. कार्ड, सोनोग्राफी, रक्तगट हे पर्समध्ये आणि फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये. आणि निघायच्या आधी रक्त दिसलं, पाणी गेलं, पोट दुखलं, डोकं जोरात दुखून अंधारी आली किंवा ताप आला तर पैसे गेले तरी चालतील, जायचं नाही. हे शेवटचं मी भाऊंना दोनदा वदवून घेतलं.

फेब्रुवारीच्या 9 तारखेला आली तेव्हा हिमोग्लोबिन 10.1 आणि मोबाईलमध्ये डेकवरचे इतके फोटो की मागचा नंबर ओरडायला लागला. तिला पहिल्या संध्याकाळी एकदाच उलटी झाली म्हणे, भाऊ मात्र रातभर बाथरूमातून बाहेर नाही आले. सासूबाई हे सांगताना लई खूश होत्या.

वैशालीकडूनच नंबर घेऊन मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका दुकानदाराच्या बायकोचा फोन आला. आठवा लागलाय, सिंगापूरची क्रूझ आहे, वैशाली गेली तर मी काऊन नाही. तिला दोन मिनिटांत नाही सांगितलं, 30 आठवडे भरलेत, जहाजवाले घेणारच नाहीत. विमानवाले बरेच पुढपर्यंत नेतात, डॉक्टरचं लेटर मागतात, पण ते काही तासांत उतरवतात म्हणून त्यांचा नियम वेगळा, त्यावरून जहाजाचा अंदाज करायचा नाही. थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, “मंग मॅडम, माह्या जागी सासूबाईले नेलं त कंपनी चालवून घेईन का?” ते कंपनीला विचार म्हटलं, आणि 9 तारखेला कार्ड घेऊन ये.