ऑन्टारिओत कम्युनिटी अँड जस्टिस सर्व्हिसेस शिकायचंय? आधी नोकरी ठरव, मग कोर्स

तुझा प्रश्न थोडक्यात असा: मानसशास्त्रात बीए झालंय, एका सामाजिक संस्थेत थोडं काम केलंयस, आता कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातल्या एखाद्या कॉलेजात कम्युनिटी अँड जस्टिस सर्व्हिसेसचा, म्हणजे तुरुंग आणि पुनर्वसनाच्या कामाचा, दोन वर्षांचा डिप्लोमा करून प्रोबेशन ऑफिसर, म्हणजे कोर्टाने देखरेखीखाली ठेवलेल्यांवर लक्ष ठेवणारी अधिकारी व्हायचंय. एजंट म्हणतो, होऊन जाईल. ताई म्हणून विचारलंस, तर एकेरीतच आणि जरा स्पष्ट लिहिते. हाच डिप्लोमा मी इथे केला आणि सध्या एका हाफवे हाउसमध्ये, म्हणजे तुरुंगातून सुटलेल्यांच्या तात्पुरत्या निवासात, नोकरी करते.

ऑन्टारिओत प्रोबेशन आणि पॅरोल ऑफिसरच्या जागेला विद्यापीठाची पदवी मागतात. सोशल वर्क, समाजशास्त्र, मानसशास्त्र, क्रिमिनॉलॉजी असले विषय. नुसत्या डिप्लोमावर ती नोकरी मिळत नाही, हे एजंटने सांगितलं नसणारच. गंमत म्हणजे पदवी तुझ्याकडे आहे. डब्ल्यूईएस या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून तिचं मूल्यांकन करून घे, म्हणजे इथल्या मोजमापात ती कुठे बसते ते कळेल. तुझ्याकडे नाही तो इथला अनुभव, इथल्या कायद्याची समज आणि तुझ्याबद्दल चार शब्द सांगणारी इथली माणसं. डिप्लोमातून हे मिळतं. पण तेवढ्यासाठी दोन वर्षं आणि इतके पैसे घालायचे का, हा खरा प्रश्न आहे.

आधी इथली व्यवस्था समजून घे, मग नोकऱ्या आपोआप कळतील. शिक्षा दोन वर्षं किंवा त्याहून जास्त असेल तर माणूस केंद्राच्या, म्हणजे करेक्शनल सर्व्हिस कॅनडाच्या तुरुंगात जातो. त्याहून कमी असेल तर प्रांताच्या. कोर्टात 'टू इयर्स लेस अ डे', म्हणजे दोन वर्षांना एक दिवस कमी, ही शिक्षा सारखी कानावर पडते ती यामुळेच. मिल्टनचं मेपलहर्स्ट आणि टोरंटो साउथ ही प्रांताची. किंग्स्टनच्या आसपासची कॉलिन्स बे, मिलहेवन, जॉयसव्हिल ही केंद्राची. प्रांताच्या तुरुंगांत शिक्षा भोगणाऱ्यांपेक्षा खटल्याची वाट बघणारेच जास्त असतात. केंद्राच्या कैद्याला साधारणपणे एक तृतीयांश शिक्षा झाली की पॅरोल मागता येतो. नाही मिळाला तरी दोन तृतीयांश झाल्यावर बहुतेकांना कायद्यानेच बाहेर सोडतात, उरलेली शिक्षा देखरेखीखाली.

बाहेर आलेल्या या माणसांतली बरीच हाफवे हाउसमध्ये राहतात. ही घरं बहुतेक सेवाभावी संस्था चालवतात: जॉन हॉवर्ड सोसायटी, बायकांसाठी एलिझाबेथ फ्राय, सेंट लिओनर्ड्स, साल्व्हेशन आर्मी. डिप्लोमावाल्यांना पहिली नोकरी सहसा अशा ठिकाणी लागते, नाहीतर शेल्टरमध्ये, जामिनावर सुटलेल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या कार्यक्रमात, किंवा गुन्ह्यात सापडलेल्या बारा ते सतरा वयाच्या मुलांच्या निवासात. या मुलांसाठी वेगळा कायदा आहे, सध्याचा २००३ पासून लागू आहे. सुरुवात बहुधा 'रिलीफ' म्हणून होते, म्हणजे कुणी रजेवर गेलं की तुला फोन. रात्री, शनिवार-रविवार, नाताळ. ठरावीक तास हाती यायला वेळ लागतो.

काम म्हणजे काय, ते एका प्रसंगावरून सांगते. आमच्याकडे रात्री अकराचा कर्फ्यू असतो. दाराशी वही, येणाऱ्या-जाणाऱ्याने वेळ घालून सही करायची. एकदा एक जण बारा मिनिटं उशिरा आला. बोलताना जीभ जड, चाल डगमगती. सोबतच्या नव्या मुलीने वहीत लिहायला घेतलं, 'नशेत आला, उद्धटपणे वागला.' तिला थांबवून म्हटलं, दिसलं ते लिही. मग नोंद अशी झाली: '२३:१२ ला आला. शब्द अडखळत होते. दारूचा वास आला नाही. बस चुकली म्हणाला. सही करून पेन टेबलावर टाकलं.' त्याला मधुमेह आहे हे फाइलमध्ये होतं. साखर तपासायला लावली तर फारच खाली आलेली. ज्यूस दिला, नर्सिंग लाइनला फोन केला, अर्ध्या तासात माणूस ताळ्यावर. नोंदी सकाळी पॅरोल ऑफिसर वाचतो. 'नशेत' या एका शब्दावर त्याची परत तुरुंगात रवानगी होऊ शकली असती. कॉलेजात रिपोर्ट रायटिंगचा विषय कंटाळवाणा म्हणून पोरं झोपा काढतात, आणि नोकरीत निम्मा वेळ तेच करावं लागतं.

नॅलोक्सोनचा, म्हणजे अफूसारख्या नशेचा अतिरेक उतरवणाऱ्या औषधाचा, स्प्रे वापरायला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. फेंटानिल या जहाल नशेमुळे इथे माणसं बाथरूममध्ये पडलेली सापडतात, म्हणून रात्री ठरल्या वेळी प्रत्येक खोलीवर चक्कर मारायची आणि श्वास चालू आहे याची खात्री करून घ्यायची. हे वाचून पोटात गोळा आला असेल तर या क्षेत्राचा पुन्हा विचार कर. त्यात कमीपणा काही नाही.

अभ्यासात क्रिमिनल कोड, चार्टर ऑफ राइट्स, मुलाखत आणि समुपदेशन, केस मॅनेजमेंट, व्यसन, मानसिक आजार हे सगळं येतं, शिवाय फील्ड प्लेसमेंट. आपल्याकडून आलेली मुलं परीक्षेपुरतं वाचून सोडून देतात तो भाग म्हणजे आदिवासी समाज, इथल्या भाषेत इंडिजिनस. देशाच्या लोकसंख्येत ते सुमारे ५ टक्के, पण केंद्राच्या तुरुंगांत जवळपास एक तृतीयांश. म्हणून क्रिमिनल कोडच्या ७१८.२(ई) कलमात न्यायाधीशाला सांगितलंय की तुरुंगाआधी दुसरे पर्याय तपासा, आदिवासी आरोपीच्या बाबतीत तर विशेष. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ग्लॅड्यू खटल्यात त्याचा अर्थ लावला, आणि तेव्हापासून आरोपीचं घर, रेसिडेन्शियल स्कूलचा (आदिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या शाळांचा) इतिहास, समाजाची वाताहत मांडणारे ग्लॅड्यू रिपोर्ट कोर्टापुढे येऊ लागले. वर्गातल्या पोरांना हे पचायला जड जातं. 'मग सगळ्यांना सारखा न्याय कुठे?' असं विचारतात. तुला जड जाऊ नये. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या, १९५२ मध्ये त्या कागदावर विमुक्त झाल्या, आणि आजही चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या पालांवर जातात, हे तुला ठाऊक आहे. माझ्या मते या क्षेत्रात मराठी मुलीची सगळ्यात मोठी शिदोरी हीच. अर्जात ती नीट मांड.

अर्जाचाच विषय निघालाय तर, 'मला लोकांना मदत करायची आवड आहे' हे वाक्य काढून टाक. प्रत्येक अर्जात तेच असतं. त्यापेक्षा एल्मायराबद्दल वाच. १९७४ मध्ये ऑन्टारिओतल्या या गावात दोन तरुणांनी २२ ठिकाणी तोडफोड केली. मार्क यांट्झी नावाच्या प्रोबेशन ऑफिसरने न्यायाधीशांना सुचवलं, या पोरांना नुकसान झालेल्या माणसांसमोर उभं करू या. न्यायाधीशांनी मानलं. पोरं दारोदार गेली, लोकांच्या नजरेला नजर दिली, नुकसान भरून दिलं. पीडित आणि गुन्हेगाराला समोरासमोर बसवायचे आजचे कार्यक्रम बरेचसे तिथून निघाले.

आता व्हिसा. तुझा निर्णय बहुधा इथेच ठरेल. १ नोव्हेंबर २०२४ पासून स्टडी परमिटचा अर्ज करणाऱ्यांना कॉलेजच्या डिप्लोमावर पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिट, म्हणजे शिक्षणानंतर इथे काम करायचा परवाना, सरसकट मिळत नाही. विषय सरकारी यादीत असावा लागतो. माझ्या वेळी ही अट नव्हती, त्यामुळे जुन्या विद्यार्थ्यांचे अनुभव ऐकून ठरवू नकोस. यादी कोर्सच्या नावावर चालत नाही, प्रत्येक कोर्सला सहा आकडी सीआयपी कोड असतो त्यावर चालते. सोशल सर्व्हिस वर्करचा डिप्लोमा आणि हा डिप्लोमा ऐकायला भावंडं वाटतात, पण एकाचा कोड यादीत आहे म्हणून दुसऱ्याचाही असेल असं धरून चालू नकोस. कॉलेजकडून कोड ईमेलवर लेखी मागव आणि यादीत स्वतःच्या डोळ्यांनी बघ. एजंटने फोनवर दिलेला शब्द यात धरायचा नाही.

विद्यापीठाच्या बॅचलर्स, मास्टर्स पदव्यांना ही विषयाची अट नाही. मास्टर्स दोन वर्षांपेक्षा छोटं असलं तरी तीन वर्षांचं वर्क परमिट मिळू शकतं. टोरंटो आणि ओटावा विद्यापीठांत क्रिमिनॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण आहे. प्रवेश कठीण, पण तुझे गुण बरे असतील तर डिप्लोमाआधी हा रस्ता तपास.

पैशांचं म्हणशील तर १ सप्टेंबर २०२५ पासून एकट्या विद्यार्थ्याला फी आणि प्रवासखर्च सोडून राहण्याच्या खर्चापोटी २२,८९५ डॉलर दाखवावे लागतात. परदेशी विद्यार्थ्याची डिप्लोमाची फी वर्षाला ढोबळमानाने १५ ते २० हजार डॉलर धर. सत्र चालू असताना कॉलेजबाहेर आठवड्याला २४ तास काम करता येतं. त्यात जेवण आणि बसभाडं निघेल, फी निघणार नाही.

बाकीचं भराभर. प्लेसमेंटआधी पोलिसांची व्हल्नरेबल सेक्टर चेक, म्हणजे दुर्बळ माणसांसोबत काम करणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणी, लागते, त्यामुळे निघण्यापूर्वी पासपोर्ट कार्यालयातून पोलीस क्लिअरन्स काढून ठेव. गाडी चालवायला शीक, क्लायंटना भेटायला लांब जावं लागतं. पोलीस व्हायचं असेल तर ऑन्टारिओत कायम रहिवासी किंवा नागरिक असावं लागतं. केंद्राच्या नोकऱ्यांतही प्राधान्य याच दोघांना. प्रांताच्या तुरुंगात अधिकारी व्हायला कायदेशीर कामाचा परवाना चालतो, पण फिटनेसची परीक्षा कडक आहे. आणि इंग्रजी आयईएल्टीएसपुरती नको. रागावलेला माणूस शिव्या देत अर्धवट बोलतो, तेव्हा तो काय मागतोय हे कळलं पाहिजे.

तुझ्या जागी मी असते तर या वर्षी पैसे भरले नसते. आधी मुंबईत टिसच्या (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसच्या) 'प्रयास'सारख्या, कैद्यांसोबत काम करणाऱ्या प्रकल्पात काही महिने घालवले असते आणि त्याच काळात मास्टर्सचे अर्ज केले असते. डिप्लोमाच करायचा असेल तर कॉलेजचं आणि कोर्सचं पूर्ण नाव कळव, आणि कोड मागवलास की त्या ईमेलचं उत्तरही पाठव. यादी आपण दोघी मिळून बघू.